वातात बरळलेला शब्द कोणाचा?



वाचक माउली, वारकऱ्याच्या घरात एक प्रश्न असा असतो की तो चारचौघांत विचारला जात नाही. दहावे-तेरावे उरकते, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि मग घरातले कोणीतरी बुवांना बाजूला घेऊन हळूच विचारते, "महाराज, आमच्या वडिलांनी चाळीस वर्षे माळ वागवली. एकादशी मोडली नाही, वारी चुकवली नाही. पण दवाखान्यात शेवटचे चार दिवस नुसते बरळत होते. आईला ओळखेनात, सिस्टरला शिव्या देत होते, हातातली सुई उपटत होते. विठ्ठलाचे नाव काही तोंडी आले नाही. मग एवढी सेवा वाया गेली का हो?"

कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना हा प्रश्न मला पुष्कळ घरांत भेटला. ज्यांचे म्हातारे बरे होऊन घरी आले, त्यांच्याही मनात तो असतोच, फक्त जरा वेगळ्या रूपाने. 'आमच्या आईच्या पोटात आमच्याविषयी एवढे विष होते का?' असे ते विचारतात. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करू. मात्र आधी रोग कोणता ते समजून घेऊ, अर्थ मागाहून लावू. रोग न ओळखता अर्थ लावला की अनर्थ होतो.

आपल्या वाडवडिलांनी याला 'वात झाला' म्हटले. वैद्य सन्निपात म्हणत आणि त्यातल्या बोलण्याला प्रलाप म्हणत. डॉक्टर डिलिरियम म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेतला आहे, पण आपल्या कुणब्याला सहज कळेल असा आहे. त्या भाषेत 'लिरा' म्हणजे नांगराचा तास, आणि शब्दाचा मूळ अर्थ तास सोडून जाणे. चांगला चालता बैल तास सोडतो तेव्हा बैल बदललेला नसतो. बैल तोच, जू तेच, शेत तेच. त्याला काहीतरी डसलेले असते, नाहीतर तो कशाला तरी बुजलेला असतो. शहाणा शेतकरी काय डसले ते आधी पाहतो. चाबूक उगारत नाही.

ही अवस्था एकाएकी येते. म्हातारपणाचा विसराळूपणा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो, हा मात्र एका रात्रीत उभा राहतो. दिवसभरात चढ-उतार होतो. सकाळी माणूस बरा बोलतो, दिवे लागणीला बिघडतो, पहाटे पुन्हा शुद्धीवर आल्यासारखा वाटतो. त्याचे लक्ष टिकत नाही. रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगितले तर दोन-तीन वारांतच धागा सुटतो. बोलणे असंबद्ध होते, नसलेली माणसे दिसतात, भिंतीवर मुंग्या चालताना दिसतात. काही जण खवळून उठतात, तर काही जण गुंगीत गप्प पडून राहतात. ज्यांची स्मृती आधीच मंदावली आहे, ज्यांना दिसत-ऐकू येत नाही, त्यांना हा लवकर गाठतो.

आणि डसते काय? लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, रक्तातले सोडियम घटणे, साखर खाली-वर होणे, लघवी तुंबणे, शौचास न होणे, दाबून धरलेली वेदना, मोठे ऑपरेशन, सलग झोपमोड. रोजची दारू एकदम बंद झाली तरी दोन-तीन दिवसांनी भयंकर वात होतो. म्हणून ती गोष्ट घरच्यांनी लाजेने डॉक्टरांपासून लपवू नये. शिवाय काही औषधे. धोतऱ्याचे बी पोटात गेलेला माणूस कसा बडबडतो आणि हवेतून काहीतरी वेचतो, हे खेड्यातल्या जुन्या माणसांनी ऐकले-पाहिले आहे. सर्दी-खाजेवरच्या काही गोळ्या, लघवीवरच्या काही गोळ्या मेंदूतल्या ज्या द्रव्याला अडवतात, त्यालाच धोतरा अडवतो. झोपेच्या कित्येक गोळ्याही म्हाताऱ्या मेंदूला मानवत नाहीत.

आता विचार करा. धोतरा खाल्लेल्या माणसाच्या बडबडीवरून त्याच्या शीलाचा निवाडा कोणी करील काय? नाही ना? मग जंतूने जे केले त्यावरून आपण आपल्या बापाचा निवाडा का करतो?

यावर शंका येते, आणि ती लटकी नाही. कोणी म्हणेल, "महाराज, भांड्यात असते तेच सांडते. शुद्धीत असताना माणूस झाकून बोलतो, वातात झाकण उडते. म्हणून ते खरे." ऐकायला हे पटते. पण तीन-चार दिवस सलाईन लागते, जंतुनाशक औषध पोटात जाते, आणि तोच माणूस मुलाला जवळ बोलावून विचारतो, "अरे, जेवलास का?" त्या शिव्या कुठे गेल्या? त्या जर जन्मोजन्मीच्या वासना होत्या, तर त्या औषधाच्या कोर्सने गेल्या असे म्हणावे लागेल. वासना अशा जात असत्या तर आपण सप्ताह कशाला मांडले असते? गावोगाव औषधाचे दुकानच काढले असते! तेव्हा भांडे फुटले की आतले सांडते हे खरे, पण सांडताना त्यात माती, केरकचरा सगळे मिसळते. त्या चिखलावरून आत तूप होते की तेल होते, हे ठरवता येत नाही.

हाच काटा दुसऱ्या पारड्यालाही लावला पाहिजे, आणि तिथे आपण वारकरी जरा चुकतो. एखादा माळकरी तापाच्या गुंगीत म्हणतो, "पालखी निघाली, माझी वीणा आणा." आपण गहिवरतो, गावभर सांगतो, कीर्तनातही ते येते. दुसरा म्हणतो, "हे सगळे चोर आहेत, मला मारायला टपलेत." ते आपण झाकून ठेवतो. दोघांना एकच रोग आहे. पहिल्याचे पुण्य म्हणून मोजायचे असेल तर दुसऱ्याचे पाप म्हणून मोजावे लागेल. देव कोणाला काय दाखवतो ते त्याचे तो जाणे. त्यात मी पडत नाही. मी एवढेच म्हणतो की वातातला शब्द साक्षीला घेऊ नये, गोडही नाही आणि कडूही नाही.

"पण महाराज, अंतकाळी जे स्मरण होते तशी गती होते असे गीतेच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे ना?" सांगितले आहे. पण त्याला लागूनच 'म्हणून' असा शब्द येतो, आणि त्यापुढे सर्व काळ स्मरण करण्याची आज्ञा येते. शेवटची घडी कधी येईल आणि तेव्हा शुद्ध राहील की नाही, हे कोणाच्या हाती नाही, म्हणून हाती असलेला काळ नामाला लाव, असा त्याचा रोख आहे. ही आज्ञा जित्या, जाग्या माणसाला केलेली आहे. ती उचलून गुंगीत पडलेल्याची परीक्षा घेणे म्हणजे पेरणीचा नियम मळणीला लावणे. अजामिळाची कथा आपण सांगतो. मुलाला हाक मारली आणि नारायण हे नाव आले, तेवढ्यावर तो तरला. नाम किती सोपे आहे हे सांगायला ती कथा भागवताच्या सहाव्या स्कंधात आली. ज्याला हाक मारता आली नाही तो बुडाला, असे ती कुठे म्हणते?

दक्षिणेकडच्या वैष्णवांत वराहपुराणातला म्हणून एक वचन फार मानतात. त्याचा आशय असा: मन ठिकाणावर आणि देह धड असताना जो माझे स्मरण करतो, तो मरताना लाकडा-दगडासारखा पडला, तर मीच त्याचे स्मरण करतो आणि त्याला परमगतीला नेतो, असे भगवंत म्हणतात. भक्त विसरला तर देव आठवतो. या एका वचनात माझ्या मते त्या विधवा माउलींच्या, त्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. तुमच्या वडिलांची सेवा वाया गेली नाही. तास त्यांच्या हातून सुटला तेव्हा तो दुसऱ्याने धरला.

पण वाचकहो, इथेच थांबलो तर मी अर्धेच बोललो. देवाने आठवण ठेवली, मग खाटेशेजारी बसलेल्या आपण काय ठेवायचे? तास सुटलेल्याचा कासरा आपल्या हाती आलेला असतो. तो कसा धरायचा?

अमेरिकेत न्यू हेवन नावाच्या गावी येल विद्यापीठाच्या रुग्णालयात शॅरन इनूये नावाच्या डॉक्टर बाईंनी यावर काम केले आणि ते १९९९ साली प्रसिद्ध झाले. सत्तरीच्या पुढचे ८५२ रुग्ण त्यांनी पाहिले, ४२६ एका बाजूला, ४२६ दुसऱ्या बाजूला. एका बाजूला नेहमीचे उपचार. त्यांतल्या ६४ जणांना वात झाला. दुसऱ्या बाजूला नेहमीच्या उपचारांबरोबर काही साध्या गोष्टी केल्या. तिथे ४२ जणांना झाला. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा टळला. त्या साध्या गोष्टी कोणत्या? आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे रुग्णाला सांगत राहणे. दिवसातून काही वेळा खाटेवरून उठवून चालवणे. चष्मा डोळ्यांवर, यंत्र कानात. वेळेवर पाणी पाजणे. आणि रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध, पाठ चोळणे, हळू संगीत आणि वॉर्डात शांतता. यातली पुष्कळशी कामे शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांनी केली.

हे वाचले तेव्हा मला वाटले, यातले कोणते काम आपल्या घरच्या सुनेला, नातवाला येत नाही? परदेशात ज्यासाठी माणसे जमवावी लागतात, ती माणसे आपल्याकडे दवाखान्याच्या पायरीवर डबा घेऊन बसलेली असतात. फक्त काय करायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. चष्मा, कवळी, कानाचे यंत्र 'हरवेल' म्हणून घरीच ठेवतात. अशाने म्हातारा आधी आंधळा-बहिरा होतो आणि मग भ्रमिष्ट होतो.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. वात एकदा झाल्यावर मग त्याच्या तीव्रतेत या उपायांनी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणून सेवा पहिल्या दिवसापासून हवी. बरळू लागल्यावर धावणे उशिराचे आहे.

तरीही वात झालाच तर काय करावे? आधी तातडीने डॉक्टरांना सांगावे, "कालपर्यंत हे असे नव्हते." ही साक्ष घरचेच देऊ शकतात, कारण डॉक्टरांनी कालचा माणूस पाहिलेला नसतो. मग काय डसले ते त्यांना शोधू द्यावे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढ्या-चूर्णासकट, दाखवाव्यात. हात बांधू नयेत. बांधलेला माणूस आणखी बुजतो, आणि झटापटीत इजा होते. कोणीतरी ओळखीचे माणूस शेजारी बसले तर पुष्कळदा बांधण्याची पाळी येत नाही. 'गुंगीचे द्या हो' असा डॉक्टरांना आग्रहही करू नये. २०१८ साली अमेरिकेतल्या अतिदक्षता विभागांतील ५६६ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शांत करण्याची औषधे आणि नुसते औषधासारखे दिसणारे पाणी, दोन्ही देऊन पाहिली. औषधाने वाताचे दिवस कमी झाले नाहीत. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी वेळ आली तर डॉक्टर थोडे देतात. तो निर्णय त्यांचा.

आता एक धर्माचा पेच. म्हातारी म्हणते, "माझी आई बाहेर उभी आहे, तिला आत घ्या." आई जाऊन पन्नास वर्षे झाली. 'हो, घेतो' म्हणावे तर खोटे होते. 'आई कधीच मेली' म्हणावे तर तिला आजच आई मेल्याचे दुःख होते, वर वाद वाढतो. मग सत्य कसे पाळावे? मला वाटते, तिच्या शब्दाला उत्तर देऊ नये, तिच्या भयाला द्यावे. "आई, मी तुझा मुलगा. आपण दवाखान्यात आहोत. तुला ताप आलाय, डॉक्टर औषध देताहेत. मी इथेच आहे. आजीची आठवण आली का गं?" यात एक अक्षर खोटे नाही आणि एक अक्षर टोचणारे नाही. हेच दिवसातून दहा वेळा, त्याच शांत आवाजात सांगावे लागते. जपाची सवय असलेल्याला तेच ते पुन्हा म्हणण्याचा कंटाळा का यावा?

आपल्या संप्रदायातल्या लोकांना चार गोष्टी आपुलकीने सांगतो. दिंडीतले वीस जण टाळ-मृदंग घेऊन खाटेभोवती उभे राहू नका. गोंगाटाने वात वाढतो. एकाने जवळ बसून, त्यांच्या ओळखीच्या आवाजात, हळू हरिपाठ म्हणावा, आणि रात्री तोही थांबवून झोपू द्यावे. पूर्ण शुद्ध नसलेल्याच्या तोंडात तीर्थ, गंगाजळ ओतू नका. ते श्वासनळीत जाते. ओल्या फडक्याने ओठ भिजवले तरी भाव पोचतो. आजाऱ्याला एकादशी करायला लावू नका, पाणी तर मुळीच तोडू नका. आजारी आणि वृद्ध यांना शास्त्राने सूट दिली आहे. आणि कोणी एकाएकी गप्प झाला, हाकेला मंद ओ देऊ लागला, जेवेना, तर 'नामात रंगले आहेत' म्हणून हात जोडू नका. खवळलेला वात सगळ्यांना दिसतो, गप्प वात कोणाला दिसत नाही, आणि तो काही कमी घातक नसतो. आधी डॉक्टरांना हाक मारा.

घरच्या व्यवहाराविषयीही सांगतो. वातात म्हातारीने म्हटले, "थोरली सून मला विष घालते," तर ते घराबाहेर नेऊ नका आणि घरातही उगाळू नका. त्या सुनेला सगळ्यांसमोर सांगा की हे आजाराचे बोलणे आहे. वातात म्हटलेल्या 'शेत धाकट्याला द्या' यावर अंगठा घेऊ नका. जो शब्द पापाच्या साक्षीला चालत नाही, तो वाटणीच्या साक्षीला कसा चालेल? आणि माणूस बरा झाल्यावर 'तुम्ही काय काय बोललात' म्हणून हसू नका. पुष्कळांना ते दिवस वाईट स्वप्नासारखे आठवत असतात आणि ते मनातून शरमलेले असतात. "आजार होता, गेला," एवढे पुरे. काहींना पूर्ण ठिकाणावर यायला आठवडे, महिने लागतात, काही पहिल्यासारखे होत नाहीत. तेव्हाही सेवा तीच.

आणि प्रत्येक वात उलटवता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. आयुष्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत तो पुष्कळांना येतो, आणि सगळे केले तरी जात नाही. तिथे मुलाने केले नाही म्हणून झाले असे समजू नये. तिथे ओठ ओले ठेवणे, कूस बदलणे, हात धरणे आणि त्यांच्या वतीने नाम घेणे एवढेच उरते. त्यांच्या मुखी नाम आले नाही तर तुमच्या मुखी असू द्या. ज्यांनी तुम्हाला बोट धरून वाळवंटात उभे केले, त्यांचे नाम तुमच्या तोंडून निघाले तर ते त्यांचेच नाही का?

पुंडलिकाची गोष्ट आपण सगळे जाणतो. आई-बापांची सेवा चालली होती, दारात देव आला, तरी त्याने पाय सोडले नाहीत. वीट फेकली आणि थांबायला सांगितले. देवाला त्याचा राग आला नाही. तो थांबला, आणि त्यामुळेच पंढरी झाली. आपण विटेवरच्या रूपाकडे पाहतो, ते योग्यच आहे. पण त्या घरात आत काय चालले होते तेही पाहावे. तिथे कोणीतरी म्हाताऱ्यांचे पाय चेपत होते, कदाचित पाण्याचा पेला ओठाला लावत होते, कदाचित दहाव्यांदा सांगत होते, "बाबा, मी तुमचा मुलगा. मी इथेच आहे."

उद्या तुमच्या घरचे कोणी दवाखान्यात गेले तर पिशवीत माळ ठेवालच. तिच्या शेजारी चष्मा ठेवा, कवळी ठेवा, कानाचे यंत्र आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी ठेवा. रात्री कोणी बसायचे याच्या पाळ्या निघतानाच ठरवा.

पुंडलिकवरदा हरि विठ्ठल!